अंतऱ्याच्या आधीचा आवाज

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते जेवणानंतर झोप येईपर्यंतची करमणूक म्हणून. खोटं कशाला बोलू... माझा यातल्या एकाही गोष्टीवर कधी विश्वास बसला नाही. आमच्या आजोळी कोणी विहिरीवरच्या बाईची गोष्ट काढली की मी उठून पाणी प्यायला जायचो. मी सातपूरला एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. मोटर जळली, पॅनेल बंद पडलं, सेन्सर भलतंच रीडिंग दाखवतोय — याला कारण असतंच. सापडायला वेळ लागतो, पण सापडतं. आजवरची सगळी नोकरी यातच गेली.

हे लिहितोय कारण बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाक, नाहीतर रोज ताटावर तेच घेऊन बसतोस."

तर... माझा एक जोडधंदा म्हणा, छंद म्हणा, आहे. जुने स्पीकर. मोठ्या लाकडी खोक्यात जाड आवाजाचा एक मोठा स्पीकर असतो, बारीक आवाजाचा एक छोटा. अॅम्प्लिफायरकडून आलेला आवाज कोणी कुठला घ्यायचा, याची वाटणी करणारं एक सर्किट आत असतं. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. वर्षानुवर्षांनी त्यातले कपॅसिटर सुकतात, मग गाणं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. मी ते सर्किट काढून नवं बनवतो — चांगले कपॅसिटर घालून, तांब्याच्या तारेची कॉइल हाताने गुंडाळून, माइक आणि लॅपटॉपवर मोजून, त्याच खोक्याच्या मापाचं. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी त्यासाठीच आहे. पण हल्ली जमत नाही. आठवडाभर शिफ्ट करायची आणि रविवारी पुन्हा सोल्डरिंग गन धरायची, तर पाठ बोलायला लागते. बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात देवरे काकांचा फोन आला.

देवरे काका मूळचे सटाण्याकडचे. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले, जेल रोडला रो-हाउस. घरात ते, त्यांच्या पत्नी निर्मलाकाकू, आणि दिवसभर काकूंचं सगळं करायला येणाऱ्या लताबाई. काकूंना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं. तोंडातून मात्र हुंकारसुद्धा निघायचा नाही.

मी स्पीकर बघायला गेलो. जुनी परदेशी जोडी, विणलेल्या कापडाची जाळी, एका बाजूचा छोटा स्पीकर पार मुका.

मी म्हटलं, "काका, हल्ली चांगल्या ब्लूटूथ सिस्टिम मिळतात. कशाला या खोक्यांच्या मागे लागता?"

"तिला हाच आवाज माहीत आहे हो," ते म्हणाले. "घर घेतलं तेव्हापासून हे आहेत. भाकरी थापताना, धुणं घालताना, हेच चालू असायचं. डॉक्टर म्हणाले ओळखीची गाणी ऐकवा, त्याने फरक पडतो. मी मोबाइलवर लावली. ही तोंड फिरवते."

काकू खिडकीशी कॉटवर होत्या. आम्ही खोकी उचलून बाहेर नेली तेव्हा त्यांची नजर दारापर्यंत मागे आली. त्यानंतर मला नाही म्हणता आलं नाही.

काम बरेच आठवडे रेंगाळलं. थकून आलं की हात लावावासा वाटायचा नाही. टेस्टिंगसाठी काकांनी त्यांचीच एक रेकॉर्ड दिली होती. जुनी भावगीतं, गायक पुरुष. त्यातलं पहिलं गाणं काकूंचं आवडतं. मी ते इतक्या वेळा लावलं की बायकोला पाठ झालं, शेजारचे जोशी गॅलरीतून शिट्टीवर वाजवायला लागले. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या घरी त्या स्पीकरमधून त्या गाण्याखेरीज काहीही ऐकू आलं नाही. एकदाही नाही.

रविवारी सकाळी मी जोडी परत घेऊन गेलो. लताबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. वायरी जोडल्या, काकांनी रेकॉर्ड लावली. आवाज छान उघडला होता. काका नुसते मान हलवत होते.

ध्रुवपद संपलं, मधलं म्युझिक झालं. अंतऱ्याच्या आधी त्या गाण्यात वाद्यं थांबतात, क्षणभर काहीच नसतं, आणि मग गायक उचलतो. त्या रिकाम्या जागेत एका बाईचं गुणगुणणं ऐकू आलं. तोंड मिटून गुणगुणतात तसं. अंतऱ्याची पहिली ओळ, गायकाच्या जरा आधी. मग गायक आला आणि ते त्याच्याखाली बुडालं.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते रेकॉर्डचं. जुन्या रेकॉर्डमध्ये शेजारच्या खाचेतला आवाज कधीकधी पुसटसा आधीच ऐकू येतो, हे माहीत असलेली गोष्ट आहे. बोलणारही होतो. पण तो आवाज गायकाचाच असतो... आणि हा बाईचा होता.

दुसऱ्या अंतऱ्याला पुन्हा. या वेळी स्पष्ट.

लताबाई कणकेच्या हातांनी धावत बाहेर आल्या. "मावशी बोलल्या का वो?"

मी काकूंच्या समोरच बसलो होतो. त्यांचे ओठ मिटलेले होते. गळा हलत नव्हता. लताबाई या घरात आल्या त्या काकूंची वाचा गेल्यावर, त्यांनी काकूंचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तरी त्यांना वाटलं, मावशी बोलल्या.

काका भिंतीला हात लावून उभे. माझ्याशी ते कायम शहरातलं बोलायचे, पण त्या क्षणी काकूंकडे बघत त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणीच निघाली — "हाउ तुनाच आवाज शे ना?" हा तुझाच आवाज ना, असं.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू थोडी वर गेली. आणि डावा हात उचलून त्यांनी खूण केली... चालू राहू दे.

काका नंतर म्हणाले, "ही कायम आधीच उचलायची. मी म्हणायचो, अगं, त्याला गाऊ दे की आधी. दरवेळी हीच घाई."

मग मी मला जे येतं ते केलं. एकेक खोकं वेगळं लावून पाहिलं, दोन्हींतून येत होतं. रेकॉर्ड काढून तेच गाणं मोबाइलवरून त्याच स्पीकरला दिलं, तरी आलं. म्हणजे रेकॉर्डचा दोष नाही. काकूंच्या ओळखीची आणखी गाणी लावली, त्यातही. लताबाईंच्या फोनवरचं नवीन गाणं लावलं, काही नाही. माझ्या फोनवर रेकॉर्डिंग केलं. गाणं स्वच्छ, आणि अंतऱ्याआधीची जागा रिकामी. मोजायचा माइक लावला, लॅपटॉपवर तिथे सपाट रेघ. आम्ही तिघं ऐकत होतो आणि माइकला ते ऐकू येत नव्हतं.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. नाही वाटली. दिवसभर मशीन खोलून दोष सापडला नाही की संध्याकाळी जसं गळून जायला होतं, तसं झालं. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. काकांनी चहा करायला सांगितला आणि पुन्हा तेच गाणं लावलं.

पुढे मी अधूनमधून जात राहिलो. काका बदलले होते. दाढी वेळेवर, शर्टाला इस्त्री. सकाळी काकूंचं आवरलं की गाणं लागायचं, आणि काकूंचा डोळा लागला की गुणगुणणं थांबायचं, असं काका म्हणायचे. त्यांनी ते पुण्याच्या मुलीला, मनीषाला, फोनवर सांगितलं. ती दोन दिवसांत येऊन थडकली. मलाही बोलावलं होतं.

काकांनी मोठ्या उत्साहाने रेकॉर्ड लावली. काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले. पहिला अंतरा आला... काही नाही. दुसरा आला, काही नाही. काकांनी पुन्हा लावली, पुन्हा काही नाही.

मनीषाने मला अंगणात नेलं. हळू बोलली, पण शब्द लागले. "दादा, बाबांची अवस्था दिसते ना तुम्हाला? ते म्हणतात ते एक वेळ ठीक. तुम्हीसुद्धा हो म्हणता? तुम्ही शिकलेले आहात. उद्या आईला काही झालं तर या माणसाला सावरायचं कोणी?"

माझ्याकडे दाखवायला एकही पुरावा नव्हता. मी म्हटलं, "ताई, मी ऐकलंय एवढंच सांगू शकतो." तिने मान फिरवली.

ती चहा टाकायला आत गेली. आम्ही तिघं खोलीत, रेकॉर्ड आपली चालूच होती. कोणाचं लक्ष नव्हतं. आणि तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याआधी ते आलं. आरामात, पूर्ण ओळ.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मनीषा दारात आली, हातात गाळणी तशीच. "आई?" काकूंनी डोळे उघडले होते. ती जाऊन कॉटवर बसली आणि आईच्या पोटावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. काकूंचा डावा हात तिच्या केसांतून फिरत होता आणि तिकडे स्पीकरमधून गुणगुणणं चालू होतं.

काका डोळे पुसत हसत होते. "पाहुण्यांसमोर गा म्हटलं की कधी गायची नाही ही. तू आत गेलीस, तेव्हा लागली."

मनीषा निघताना मला एवढंच म्हणाली, "मघाशी बोलले ते मनात ठेवू नका."

त्या हिवाळ्यात काकूंना दुसरा झटका आला. हॉस्पिटलमध्ये काही दिवस काढले, आणि गेल्या. मी स्मशानात होतो. काका शांत होते... जरा जास्तच शांत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. कारण खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. माणूस गेला तरी एवढं तरी राहील.

तेरावं झाल्यावर फोन आला. "राजेशभाऊ, सवडीने एकदा येऊन जा. स्पीकरमध्ये काहीतरी बिघाड झालाय."

द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हाच तो बिघाड कसला ते मला कळलं होतं. तिथूनच गाडी परत वळवावी असं वाटत होतं.

दुपारची वेळ. कॉट काढून टाकली होती, तिच्या पायांचे डाग फरशीवर दिसत होते. काकांनी रेकॉर्ड लावली. आवाज पहिल्यासारखाच, उघडा, स्वच्छ. मधलं म्युझिक झालं, वाद्यं थांबली. मग गायकाने अंतरा उचलला.

"बघा," काका म्हणाले. "आतली एखादी वायर सैल झाली असेल. हॉस्पिटलच्या गडबडीत घर बंद होतं, उंदीरबिंदीर शिरला असेल. खोलून बघा ना."

मी खोललं. काकांनी टॉर्च धरला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी धरला. मी प्रत्येक कपॅसिटर मोजला, कॉइल मोजली, प्रत्येक जोड तपासला. माइक लावून आलेख काढला आणि पहिल्या दिवशीच्या आलेखावर ठेवला, रेघेवर रेघ बसली. चांगले असलेले जोडसुद्धा मी पुन्हा सोल्डर केले. त्याची काही गरज नव्हती. मी काहीतरी करतोय हे त्यांना दिसावं म्हणून केले.

बंद करून पुन्हा लावलं. ती जागा रिकामीच.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर लोकांना काय बिघडलंय ते सांगत आलो. त्यात काही जड नसतं, बिघडलेलं दुरुस्त करता येतं. त्या दुपारी मला म्हणावं लागलं, "काही नाही निघालं काका. सगळं ठीक आहे."

त्यांनी टॉर्च बंद केला. "म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काही नाही."

"नाही."

"बरं." त्यांनी स्वतःच सुई उचलून ठेवली. "चहा घेऊन जा. लताबाई आता येत नाहीत, मीच करतो. साखर जास्त पडते माझ्याकडून."

आम्ही चहा प्यायलो. साखर खरंच जास्त होती.

मी यावर खूप विचार केलाय. मित्र म्हणतात, मनाचे खेळ. असतीलही. पण मनीषा मानायला तयारच नव्हती, आणि लताबाईंना मानण्या-न मानण्यासारखं काही माहीतच नव्हतं. गेलेल्या माणसाचा आवाज येतो, अशा गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. इथे समोर बसलेल्या, जित्याजागत्या बाईचा हरवलेला आवाज येत होता, आणि ती गेली तसा तोही गेला. याला काय म्हणतात, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

मागच्या महिन्यात जेल रोडला गेलो होतो. काका बरे आहेत. स्पीकर रोज लावतात म्हणाले. ती रेकॉर्ड समोरच होती, प्लेअरवर, पण उलटी बाजू वर होती, काकूंचं गाणं खालच्या बाजूला.