शेजारच्या काकांच्या पाच क्रूझर

कॅनडाच्या मधोमध, रेजिनात राहून आमच्या शेजारच्या काकांइतकी जहाजं कोणी बुडवली नसतील. इथून कुठल्याही दिशेला गाडी काढा, दोन दिवस समुद्र लागत नाही. पण रस्ते बांधण्यात आयुष्य घालवलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर बेसमेंटमध्ये पहिल्या महायुद्धाआधीच्या हलक्या क्रूझरचा, म्हणजे एकाच आराखड्यावरच्या युद्धनौकांचा, एक अख्खा वर्ग मनानेच रचला होता. नावं नद्यांची: मांजरा, नीरा, गिरणा, कोयना, इंद्रायणी. हातभर लांबीची लाकडी जहाजं आणि प्रत्येकाची एक जाड नोंदवही. नौदल कुठल्या देशाचं, असं विचारलं की म्हणायचे, "देश आला की झेंडा आला, झेंडा आला की भाषणं आली."

विजय त्यांना वर्ज्य होता. सगळा वर्ग मुळातच सदोष: चिमणीचा धूर थेट कप्तानाच्या तोंडावर यायचा. नीरा सुरुंगावर गेली, गिरणा धुक्यात आपल्याच जहाजावर आदळली, कोयना भंगारात निघाली आणि मांजरा तर बंदरातच, पाहुणे बघायला आलेले असताना बुडाली. "एखादी लढाई तरी जिंकू द्या बिचाऱ्यांना," मी एकदा म्हणालो. "जिंकेल कोणीही. दुरुस्त्या कोण करणार?"

खलाशी मात्र खरे, इथल्या मराठी मंडळातले. नोकरीसाठी टोरंटोला गेला त्याच्या नावापुढे वहीत 'पळाला' असा शेरा, आणि गणपतीत लांबलचक भाषण करणारे अध्यक्ष बटाटे सोलायला. मी जहाजांना खेळणी म्हटलं, त्या दिवशी इंद्रायणीच्या नकाशाखोलीतून माझी बदली बॉयलरपाशी कोळसा ओढायला झाली. नऊ वर्षं तिथेच. बदलीचा लेखी अर्ज केला, तर 'माणसं कमी आहेत' म्हणून परत आला.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी बर्फ वितळेपर्यंतची मुदत दिली. इंद्रायणी तेवढी तरंगत होती, आणि तिचा शेवट त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचा होता. हात थरथरायचा. "तुम्ही सांगा, मी लिहितो," मी म्हटलं.

"नको. तू लिहिलंस की बिगूल वाजणार."

दिवसाला एक ओळ व्हायची, पुढे दोन दिवसांना एक. वही कोणाला दाखवत नसत. गुडघ्यांमुळे काकूंना बेसमेंटचा जिना उतरवत नाही, त्या वरूनच हाक मारायच्या, "अहो, बुडवा की एकदाची, आणि वर येऊन सूप घ्या."

"बुडवतो. घाई काय आहे?"

घाई होती. रस्त्यांच्या कामात उभ्या जन्मात जमलं नाही ते इथे जमलं: मुदतीआधी संपलं. बाहेर उणे एकतीस होतं.

तेराव्यानंतर काकूंनी मला खाली पाठवलं. "बघ रे, बुडली का."

वहीत काकांनी एकेक खलाशी किनाऱ्यावर उतरवला होता, अध्यक्षांनासुद्धा. स्वतःचं नाव सगळ्यांच्या शेवटी. त्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरात: 'इंद्रायणी बंदरात उभी. हवा फार थंड. बॉयलर विझू देऊ नये. कोळशावरच्या माणसाची बदली नामंजूर.' आणि समासात, बेसमेंटमधून सगळं घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या फिल्टरचं माप.

"काय रे, बुडली?" वरून काकूंनी विचारलं.

"नाही काकू. उभी आहे."

आता दर महिन्याला मी तो जिना उतरतो, फर्नेसचा फिल्टर बदलतो, इंद्रायणीवरची धूळ पुसतो. वर ऊब पोचली की काकू चहा टाकतात. बदलीचा अर्ज मी पुन्हा केलेला नाही.