कुलपाची चौकशी

आमच्या शेजाऱ्यांइतका निरुपद्रवी माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या नोव्हाय गावात नाही, आणि त्यांच्याइतकं माझं नुकसानही आजवर कुणी केलेलं नाही. मोटारींच्या ब्रेकवर आयुष्य घालवलेले पुण्याचे इंजिनिअर, आता रिटायर्ड. टिकल्यांचं पिस्तूलही त्यांनी कधी हातात धरलं नसेल. पण पन्नास राज्यांचे बंदुकीचे कायदे त्यांना तोंडपाठ. घरात भिंतभर अमेरिकेचा नकाशा. कायदा कडक झाला की त्या राज्यावर लाल टाचणी, सैल झाला की हिरवी, कुणी कोर्टात गेलं की पिवळी. खालच्या कोर्टाने अडवलेला कायदा वरच्याने मोकळा केला की हे चहा अर्धा टाकून टाचणी बदलायला उठायचे. पिवळ्या टाचण्या त्यांना कायम कमी पडतात.

माझं किराणा दुकान आहे. रोज सकाळी ते कोथिंबिरीची एक जुडी घेतात आणि माझ्या गिऱ्हाइकांना फुकट ज्ञान देतात. एका राज्यात दुकानदाराने मनाईची पाटी लावली तरच बंदूक बाहेर राहते, दुसऱ्यात परवानगीची पाटी असेल तरच ती आत येते, आणि त्या दुसऱ्या कायद्यावर दावा चालू आहे, हे ऐकून नागपूरहून नुकतीच आलेली एक मुलगी पोह्यांची पिशवी काउंटरवर टाकून निघून गेली. मी भडकलो. ते म्हणाले, "अहो, पण माणसाला माहीत नको का?"

हेही मी सोसलं असतं. पण त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत तोंड घातलं.

मी दोन बॅगा घेऊन या देशात आलेला माणूस. कुठल्याही सौद्यात एवढ्यातेवढ्याने मागे हटलेलो नाही. मुलगा मुलीने स्वतःच निवडलेला, तेव्हा माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती: लग्न कुठे करायचं. मुलाचे वडील दुसऱ्या राज्यात दातांचे डॉक्टर, इतके मऊ की येताना आमच्यासाठी घरच्या तुळशीचं रोप घेऊन आले. दोन तास घासाघीस करून मी त्यांना नोव्हायपर्यंत ओढत आणलं. ते 'हो' म्हणणार, इतक्यात आमच्या शेजाऱ्यांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. वडीलधारे म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं.

"डॉक्टर, घरात बंदूक आहे का?"

मी हसून विषय बदलणार, तोच डॉक्टर म्हणाले, "दोन आहेत."

दोन! तुळशीवाल्या माणसाकडे! बायको पोळ्यांचा डबा हातात धरून तशीच उभी. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, चिल. मला माहीत होतं."

"कुलपात असतात?" शेजाऱ्यांनी गोत्र विचारावं तसं विचारलं.

एक उशाशी असते, डॉक्टर म्हणाले. क्लिनिकमध्ये चोर शिरला होता, तेव्हापासून. मग शेजाऱ्यांनी त्यांना त्यांच्याच राज्याचा कुलपाचा नवा कायदा समजावला: घरातली बंदूक कुलपातच हवी. त्यावर कोर्टात दावा चालू आहे, पण तूर्त तो लागू आहे. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मुलाची आई पर्स उचलून म्हणाली, "आम्ही काय गुन्हेगार आहोत?" तिला परत बसवायला मला लग्न त्यांच्या गावात कबूल करावं लागलं. हातातला सौदा गेला.

वर शेजाऱ्यांनी लग्नात व्याह्यांना आहेर काय दिला, तर आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी, जरीच्या कागदात गुंडाळून. व्याह्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मी मात्र तेव्हापासून शेजाऱ्यांशी कोथिंबिरीपुरतंच बोलत होतो.

आता नात दोन वर्षांची आहे. मागच्या महिन्यात व्याह्यांकडे गेलो, तर ती त्यांच्या उशाजवळचा खण उघडून बसलेली. पुढ्यात ती आहेराची पेटी. कुलपाचे आकडे फिरवायची, झाकण ओढायची. ते काही उघडेना. मी तिथेच जमिनीवर तिच्याशेजारी बसलो.

परतल्यावर शेजारी दुकानात आले. हल्ली त्यांचे डोळे अधू झालेत, जुडी चाचपून घेतात. हळूच म्हणाले, "तुमच्या व्याह्यांच्या राज्यातला कुलपाचा कायदा कोर्टाने अडवला बरं का." मग जुडी पिशवीत टाकत म्हणाले, "त्यांना सांगू नका."

मी 'बरं' म्हणालो. त्या दिवशी जुडीचे पैसे घेतले नाहीत.

टाचण्यांचे रंग त्यांना आता ओळखू येत नाहीत, म्हणून दर रविवारी मी जाऊन त्या बदलून देतो. लग्न नोव्हायलाच व्हायला हवं होतं, हे दर वेळी ऐकवतो. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, मग पुढच्या राज्याचं नाव सांगतात.