तळहातावरची जिन

धने भाजायला घेतले की मला आयर्लंडमधल्या डून लेरी गावातल्या आमच्या स्वयंपाकघरातली २०१७ च्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. बाबा पुण्याहून पहिल्यांदाच आले होते आणि मी घरातल्या सगळ्या बाटल्या पिठाच्या डब्यांमागे दडवल्या होत्या, कारण त्यांच्यासमोर मी कधी ग्लासला हात लावला नव्हता. तेवढ्यात शेजारच्या आयरिश आजीबाई फ्रान्सहून आणलेली बाटली घेऊन आल्या. पिढ्यानपिढ्या सफरचंदाची ब्रँडी गाळणाऱ्या एका कुटुंबानं म्हणे आता जिन काढली होती. "मी घेत नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "कधीपासून?" त्यांनी भाबडेपणानं विचारलं. बाबांना इंग्रजी चांगलं कळायचं. माझे कान तापले. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बूच नाकाशी नेऊन "अरे, यात धने आहेत! आणि सफरचंदाची साल," एवढंच म्हणाले. आजीबाई ओतायला लागल्या, तसा बाबांनी सवयीनं उजवा तळहात खोलगट करून पुढे धरला, देवळात तीर्थाला धरतात तसा. आजीबाई क्षणभर थबकल्या, मग त्यांनी अगदी मनोभावे त्यावर चार थेंब सोडले. बाबांनी ते घेतले, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि मला म्हणाले, "बघत काय बसलायस? हात पुढे कर." बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. आजीबाई अजून अधूनमधून बाटली घेऊन येतात. मी ग्लास काढायला उठलो, की "राहू दे" म्हणतात आणि उजवा तळहात पुढे धरतात.