मंजनाची डबी

लवंग-कापराचा वास आला की मला अकोल्यातलं ते डब्यांचं दुकान आठवतं. अमरावतीला आम्ही घरी बाभळीच्या कोळशाचं, लवंग-कापूर घातलेलं दंतमंजन करायचो. कागदी पुड्या फुटायच्या आणि गिऱ्हाइकं तुटायची. म्हणून आम्ही नवराबायको पत्र्याच्या डब्या घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने गुलाबाचं चित्र असलेली डबी पुढे केली. मी पिशवीतलं मंजन तीत भरलं, झाकण लावलं, नव्या पिवळ्या लुगड्याचा पदर मांडीवर पसरला आणि त्यावर डबी खडखडा हलवली. पदर काळा झाला. "अवं, लोकं पाहून राहिले," हे पुटपुटले. "पाहू द्या ना! मंजन गळून राहिलं, तेही पाहू द्या." दुसऱ्या डबीनेही तेच केलं. दुकानदार वैतागला, "बाई, डबी घेऊन राहिल्या का पोरगी पाहून राहिल्या?" मी म्हटलं, "पोरगी एकाच घरी जाते, भाऊ. ही गावभर जाईन." तिसरी डबी अगदी साधी, बिनचित्राची होती, पण पदरावर कणही सांडला नाही. तीच घेतली. आता धंदा सून पाहते. परवा कोणी प्लॅस्टिकच्या डब्या दाखवायला आला, तर मी काही बोलायच्या आधीच तिने कपाटातून ते डागाळलेलं लुगडं काढलं आणि त्याच्यापुढे पसरलं.