शालूसारखी जपलेली शिंगं

कार्डिफजवळ राहणाऱ्या, मेलेले प्राणी टिकवून देणाऱ्या त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

झालं असं, की शेजाऱ्याने मला मोठ्या प्रेमाने हरणाची साफ केलेली कवटी दिली, शिंगांसकट. "शिंगांवर वेल्व्हेट आहे, जपा," म्हणाला. मी पेशाने डॉक्टर, पण मखमल जपायची आमच्या घरची रीत एकच. बायकोच्या शालूसारखी मी ती जुन्या मऊ साडीत गुंडाळली आणि डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवली. आठवड्यात वासाने घर सोडायची वेळ आली, आणि रविवारी शेजारी जेवायला येणार! कवटी घेऊन मी त्या बाईंकडे धावलो.

बाईंनी चष्मा डोक्यावर सारला आणि डोळे मिटून, खरबूज हुंगावं तसं शिंग हुंगलं.

"डॉक्टर, हे कापड नाही, कातडी आहे. आत रक्त असतं. आधीच औषध टोचायला हवं होतं."

"आता?"

"आता सोलायचं." माझा पडलेला चेहरा बघून त्या खुदकन हसल्या. "अहो, शिंग वाढून झालं की हरीण स्वतःच ती झाडावर घासून काढतं. लहानपण जपायची हौस तुम्हा माणसांना!"

रविवारी शेजारी भिंतीवरच्या उघड्या शिंगांकडे बघत राहिला. "वेल्व्हेट कुठे गेलं?"

"मोठं झालं ते हरीण," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायको मराठीत ओरडली, "या घरात तेवढंच झालं!"