शेंड्यावरच्या चुण्या

लोकरीच्या दुकानात टोप्या पुष्कळ असत, पण गिऱ्हाईक ताईचीच टोपी मागे. सरळ विणणं काय, कुणालाही जमतं. कस लागतो तो शेंड्यापाशी. तिथे दोन-दोन टाके एकत्र विणत, टाके घटवत टोपी मिटवायची असते. दुसऱ्यांच्या टोप्यांना तिथे चुण्या पडत. ताईच्या टोपीवरून अंगठा फिरवला, तर टोपी कुठे मिटली तेच कळत नसे. "डोक्यावर चुणी नको नि मनात अढी नको," असं ती म्हणायची, आणि आपल्याच बोलण्यावर सगळ्यांच्या आधी हसायची.

नवरा गेल्यावर धाकटी बहीण तिच्याकडेच राहायला आली होती. सकाळी ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाई, आणि येताना दुकानात टोप्या पोचवी. एकदा दुकानदारीणबाईंनी एक टोपी परत दिली. "ताईंना म्हणावं, मी टोपी मागितली होती, बाही नव्हे."

खरंच, हातभर लांब आणि दोन्हीकडून उघडी! घरी येऊन धाकटीने ती हातात चढवली. "ताई, थंडी एकाच हाताला वाजते का गं?"

ताईही खदखदून हसली. मग सुया घेऊन बसली. तिने टोपीचं उघडं टोक उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "इथून पुढे काय करतात गं?"

दुसऱ्याच दिवशी धाकटी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, हा विसर वाढत जाणार. धाकटीने मनाशी ठरवलं, ताईला याची झळ लागू द्यायची नाही. ताई दुपारी आडवी झाली की ती अर्धी टोपी उचलायची, टाके घटवायची, शेंडा मिटवायची आणि टोपी पुन्हा टोपलीत ठेवायची. ताईनेच कधीतरी शिकवलं होतं, पण हिचा हात जड. चुण्या पडायच्या. दुकानदारीणबाई तरीही ठेवून घ्यायच्या.

एका दुपारी ताईने टोपलीतली टोपी उचलली, शेंड्यावरून अंगठा फिरवला आणि थांबली.

"हे कुणाचं काम?"

"तुझंच की," धाकटी म्हणाली.

"माझं?" ताईने पुन्हा अंगठा फिरवला. चेहरा उतरला. "मग माझा हात गेला म्हणायचा."

धाकटीने घाईने तिचा हात धरला. "नाही गं ताई! खोटं बोलले मी. मीच विणलंय ते. तुझा हात कुठे असा?"

"उगीच समजूत काढू नकोस," ताई म्हणाली. तिने सुया गुंडाळल्या आणि कपाटात ठेवल्या. धाकटीने शपथा घेतल्या, हातापाया पडली, तिच्यासमोर बसून तसाच वेडावाकडा शेंडा विणून दाखवला. ताईने पाहिलंदेखील नाही. सांभाळायला गेले आणि मीच हिरावून घेतलं, हे धाकटीच्या मनातून जाईना.

पुढच्या हिवाळ्यात ताईला माणसंही ओळखू येईनाशी झाली. धाकटीने एकदा मऊ निळ्या लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवर ठेवला. ताईने तो जरा कुरवाळला आणि अदबीने परत केला.

"बाई, हे तुमचं राहिलं इथे."

"हो, माझंच," धाकटी म्हणाली. गुंडा घेऊन मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून रडली.