आठवड्यात पाणी कुठं लिहायचं

त्या वर्षी दर रविवारी संध्याकाळी मी पुढचा आठवडा आखायची. गुलमंडीवरून आणलेली स्केचपेनं, कार्डशीटचा तुकडा आणि सात रकाने. निळ्यात माझी शाळेच्या ऑफिसातली क्लार्कची नोकरी, हिरव्यात अभ्यास, लालमध्ये स्वयंपाक-धुणं-बाजार. नवरा वाळूजला कंपनीत. त्याची शिफ्ट आठवड्याला बदलणारी. म्हणून त्याची झोपसुद्धा मी जांभळ्या रंगात मांडायची. बुधवारी संध्याकाळी एक पिवळा चौकोन ठेवायची. त्यात 'आराम'.

कन्नडकडच्या गावाहून आई आली होती, तिनं भिंतीवरचे रंग निरखले. तिला वाचता येत नाही.

"ह्ये पिवळं काय गं?"

"आराम."

"आराम बी लिहून ठिवावा लागतो व्हय?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून लई हसली.

मला राग आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवी घेतली ती शेतातली कामं सांभाळून घेतली, कुणी आयती दिली नाही. माझा आठवडा मी आखणार, त्यात हसण्यासारखं काय? पण त्या पिवळ्या चौकोनात मला कधी बसवलं नाही, हेही खरं. चहा घेऊन बसलं की दोन घोटांत उठायची. पाय आपोआप हलत राहायचे. काहीतरी राहिलंय, असंच वाटायचं.

राहिलं होतं ते माहीत होतं. वयाच्या अटीत बसणारी स्पर्धा परीक्षेची ती माझी शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी फॉर्मच भरता येणार नव्हता. अभ्यास कच्चा नव्हता. माझा पेपर वेळेत संपायचा नाही. त्यावर उपाय एकच, रविवारी सकाळी अभ्यासिकेत जाऊन घड्याळ लावून सराव पेपर सोडवायचा. बाकीचा आठवडा इकडचा तिकडं झाला तरी चाललं असतं. रविवार सकाळ मात्र हलवायची नव्हती.

आणि नेमकी तीच हलायची. कारण आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवसाला वार नाही. कधी मंगळवारी, कधी शनिवारी, मध्ये पाइप फुटला की आणखी पुढं. गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'सुटलं', की बायका हातातलं टाकून पळतात. मी माझ्या सात रकान्यांत पाणी कुठंच लिहिलं नव्हतं. विसरले नव्हते. लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. शिकलेल्या बाईचा आठवडा नळानं ठरवायचा, हे मला पटतच नव्हतं.

लागोपाठ दोन रविवारी सकाळीच पाणी सुटलं. पॅड पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि मी पाइप या ड्रममधून त्या ड्रममध्ये टाकत उभी. आत नवरा घोरतोय.

उठल्यावर तो म्हणाला, "अगं, मला उठवायचं ना."

"तुमची झोप लिहिलेली आहे," मी भिंतीकडं बोट केलं.

"मग लिहिणारीनं पुसायची! शेजारी चावी देऊन जात जा. खाला घरीच असतात."

खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली त्यांना तेच म्हणते; आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नवरा गेलेला, मुलगी वैजापूरला दिलेली. दारात बसून शिवणकाम करायच्या आणि गल्लीत कोण कधी आलं-गेलं ते त्यांना पाठ. चांगल्या बाई. पण चावी द्यायची म्हणजे उपकार घ्यायचे. आणि माझं मागं पडलेलं घर, खरकटी भांडी, न वाळलेले कपडे दुसऱ्या बाईनं बघायचे. मी म्हटलं, नको.

परीक्षेआधीचा शेवटचा सराव पेपर होता त्या रविवारी नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. मी कुलूप हातात घेऊन उंबऱ्यावर उभी, आणि आत नळ फुसफुसला. आधी हवा, मग खडखड, मग धार. मी पिशवी खाली ठेवली. परत उचलली. परत ठेवली.

खाला दारातून बघत होत्या. "क्या हुआ? जाती नहीं क्या?"

"माझा पेपर आहे, खाला. आत्ताच सुटायचं होतं याला!"

"हौ, तेरे को पूछ के छोडते क्या पानी?" त्यांनी हात पुढं केला. "ला, चावी दे."

"आत भांडी पडलीत हो सगळी..."

"मैं भांडे देखने को नहीं जा रही, पानी भरने को जा रही. दे, रिक्षा निकल जाएगी."

दिली. पेपरभर माझा एक कान घरीच होता. पाण्याची मोटार बंद केली असेल का, ड्रम सांडून पाणी गल्लीत तर गेलं नसेल. तरी त्या दिवशी शेवटचा प्रश्न सोडवून वर थोडा वेळ उरला. पहिल्यांदाच.

घरी आले तर ड्रम, बादल्या, कळशी भरलेले. शिवाय कुकर, परात, चहाचं पातेलं, माझी स्केचपेनं ठेवलेला मगसुद्धा. घरात रिकामं भांडं म्हणून ठेवलं नव्हतं. स्केचपेनं ओट्यावर ओळीनं मांडलेली. चहा करायला पातेलं कशात रिकामं करावं, तेच कळेना.

आभार मानायला गेले तर खालांनी स्वतःची चावी माझ्या तळहातावर ठेवली. मुलीचे दिवस भरत आलेत, वैजापूरला चालल्या. "अब के मेरा भी भर देना."

"खाला, पुढच्या रविवारी माझी परीक्षा आहे."

"तो तेरे मियाँ को बोल. सोता ही तो रहता."

नवऱ्याला सांगितलं. तो हसला, आणि त्या रविवारी दोन्ही घरांच्या चाव्या उशाशी घेऊन झोपला. मी परीक्षेला गेले. पाणी आलंच नाही.

आलं ते दुसऱ्या दिवशी, मी ऑफिसात असताना. नवरा कंपनीत. अर्धी रजा टाकून धावत आले, आधी आमचं भरलं, मग पाइप खालांच्या घरात ओढला. धार बारीक होती. ड्रम भरेपर्यंत दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. तेवढ्यात त्यांचाच फोन.

"भरा क्या?"

"भरतंय."

"और परीक्षा?"

"झाली. पेपर पूर्ण सोडवला."

"पास?"

"ते आता कुठलं, खाला? निकालाला महिने लागतात."

"तब तक क्या करेगी?"

खाली बघितलं तर माझा पाय मशीनच्या पायडलवर गेलेला, आणि रिकामी मशीन खडखड चाललेली.

"ए, मेरी मशीन कायको चलाती?" पलीकडून खाला ओरडल्या. "सुई तोडेगी! नळ देख."